भाचीचा फोन काढून घेऊ का? आधी हे वाचा, मग ठरवा

बीड जिल्ह्यातल्या एका मामांनी विचारलंय. भाची अकरावीला, लातूरला क्लाससाठी हॉस्टेलवर. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, दिवाळी झाली की कारखान्याला गेलेले, गावात आजी आणि धाकटा भाऊ. कुणीतरी पोरीच्या नावानं इन्स्टाग्रामवर फेक अकाउंट काढलं, तिचा चेहरा लावून घाण फोटो तयार केला आणि आता मेसेज येतायत की पाच हजार टाक नाहीतर गावच्या ग्रुपवर सोडतो. पोरीनं घाबरून दोन हजार पाठवलेसुद्धा. हॉस्टेलवाले म्हणतेत प्रकरण वाढवू नका. मामांना विचारायचंय की फोन काढून घेऊन तिला गावी आणावं का, आणि पोलिसात गेलं तर पोरीचं नाव खराब होईल का.

मामा, आधी सरळ उत्तर देते. फोन काढू नका, पोरीला गावी आणू नका, आता एक रुपयासुद्धा पाठवू देऊ नका, आणि पोलिसात जा, आज जमलं तर आजच. नाव खराब व्हायची भीती खरीय, मी ती उडवून लावत नाही, पण पॉक्सो म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात मुलीची ओळख उघड करायला बंदी आहे आणि धमकी देणाऱ्यावर असलं कसलंच बंधन नाही, तो उद्या सकाळी ग्रुपवर टाकू शकतो. गप बसलं की नाव वाचतं हा हिशोबच चुकीचाय.

मी समुपदेशक आहे, बीड, लातूर, परभणी या पट्ट्यात शाळा, क्लासेस आणि वसतिगृहातल्या लेकरांसोबत काम करते, बरेचदा त्यांच्यासोबत ठाण्यात आणि बाल कल्याण समितीपुढं जाऊन बसते. पहिल्या धमकीला घरी सांगितलं अशी पोरगी क्वचित भेटते. मेसचे पैसे जातेत, रूममेटकडून उसनं घेऊन होतं, सगळे रस्ते संपले की मग सांगतेत. आधी का नाही बोललीस विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, फोन घेतेत की ओ मग." आणि ते फोनवर थांबत नाही ना. फोन गेला की क्लास गेला, क्लास सुटला की घरी, घरी बसली की स्थळं बघायला चालू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५) अठराच्या आत लग्न होण्यात परभणी आणि बीड राज्यात वरच्या नंबरांवर होते, ते काही उगंच नाही. धमकी देणारा बरेचदा इथलाच असतो, त्याला हे सगळं पाठ असतं. फोटो दाखवून तो जी भीती घालतो ती घरच्यांची असते. तुम्ही फोन काढून घेतला की त्याचंच म्हणणं खरं झालं.

म्हणून आज संध्याकाळी लातूर गाठा आणि पोरीला तीन गोष्टी नाव घेऊन सांगा, फोन तुझ्याकडंच राहणार, क्लास चालू राहणार, लग्नाचा विषय घरात कुणी काढणार नाही. "टेन्शन घेऊ नको, मी आहे" एवढ्यावर भागत नाही, कारण तिला टेन्शन याच तीन गोष्टींचं आहे आणि त्यांचं नाव कुणी घेतलं नाही तर ते तसंच राहतं. आणि एक प्रश्न अजिबात विचारू नका, "फोटो खरा आहे का गं?" समजा तिनं खरंच कुणाला तरी विश्वासानं एखादा फोटो पाठवला असेल, तरी धमकी हा गुन्हा, पसरवणं हा गुन्हा, कायद्याला त्यात फरक पडत नाही. आणि बनवलेला असला तरी २०१९ च्या दुरुस्तीपासून पॉक्सोच्या व्याख्येत कॉम्प्युटरवर बनवलेले, बदललेले फोटोसुद्धा येतेत, त्यामुळं "तो तर एआयचा फोटो आहे, खरा थोडीच" असं कुणी ठाण्यात म्हणालं तर हे सांगा.

आता पुरावा. इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण घाबरलेलं लेकरू पहिलं काय करतं तर चॅट डिलीट करतं, अकाउंट ब्लॉक करतं, मग घरचे विचारतेत दाखव, दाखवायला काही नसतं. ब्लॉक आणि रिपोर्ट करायचंच आहे पण शेवटी. आधी त्या फेक अकाउंटची प्रोफाइल उघडा आणि वर जे युजरनेम असतं ते अक्षर न अक्षर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, कारण तिथं एक अंडरस्कोअर की दोन, मधे टिंब आहे का, एल आहे की एक आकडा आहे, यावर सगळं अवलंबून असतं. माझ्याकडं लोक स्क्रीनशॉट आणतेत त्यात फक्त फोटो आणि खालचं नाव असतं, नाव काय कुणीही काहीही ठेवतं, ते बदलता येतं, त्यावरून काही सापडत नाही. वरच्या तीन टिंबांवर दाबलं की प्रोफाइलची लिंक कॉपी करायचा पर्याय येतो, ती लिंक कागदावर लिहून ठेवा. तिथंच अबाउट धिस अकाउंटमध्ये अकाउंट कधी उघडलं ते दिसतं, त्याचा पण स्क्रीनशॉट. मग धमकीचे मेसेज, तारीख आणि वेळ दिसेल असे. चॅट व्हॅनिश मोडमध्ये (वाचले की मेसेज गायब होतेत असा) असेल किंवा स्नॅपचॅट असेल तर स्क्रीनशॉट काढल्याचं समोरच्याला कळतं, तिथं दुसऱ्या फोननं स्क्रीनचा व्हिडिओ काढा. व्हॉट्सॅपवर नंबर दिसेल असं घ्या, आणि रिपोर्ट करताना ब्लॉक करून चॅट पण डिलीट करा अशी एक टिक असते, ती काढून टाका, नाहीतर एका बोटात सगळा पुरावा साफ.

आणि मामा, ते फोटो स्वतःच्या फोनवर मागवून घेऊ नका. सरपंचाला दाखवायला, सरांना दाखवायला, भावकीत "हे बघा असलं चाललंय" म्हणून कुणालाच पाठवू नका. अठराच्या आतल्या मुलीचा असा फोटो जमवणं, डाउनलोड करणं, पुढं पाठवणं हे आयटी कायद्याच्या कलम ६७ब मध्ये येतं, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि दहा लाखांपर्यंत दंड. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये असलं साहित्य नुसतं साठवून ठेवण्याबद्दल सुद्धा कडक भूमिका घेतलीय. चांगल्या हेतूनं शिक्षकांच्या ग्रुपवर "हा कुणाचा उद्योग आहे शोधा" म्हणून फोटो टाकणारे सर मी बघितलेत, फोटो अर्ध्या तासात तालुकाभर. जे आहे ते पोरीच्याच फोनमध्ये राहू द्या, तिथूनच पोलिसांना दाखवा.

पैशाचं वेगळं बघायचं. दोन हजार गेलेत म्हणजे लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आधी अडकायची शक्यता जास्त, म्हणून आता विचार करत बसू नका. यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर दाबलं की १२ आकडी नंबर दिसतो, तो, तारीख, वेळ आणि कुठल्या यूपीआय आयडीला गेले ते हाताशी ठेवून बोला. दोन हजारासाठी कशाला एवढं, असं वाटेल, पण तो यूपीआय आयडी हा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम धागा आहे, कारण इन्स्टाचं अकाउंट खोट्या नावानं निघतं, पण पैसे कुठल्यातरी बँक खात्यातच जातेत आणि खात्याला केवायसी असतं. खातं दुसऱ्याचं वापरलेलं असू शकतं, त्यावर खाली बोलते.

फोटो काढून टाकायचं काम पोलिसांची वाट न बघता चालू करता येतं. स्क्रीनशॉट घेऊन झाले की इन्स्टाग्रामवर तोतया अकाउंट म्हणून रिपोर्ट मारा, पोरीनं स्वतः मारलेला रिपोर्ट जास्त धरतेत. २०२१ च्या आयटी नियमांत असं लिहिलंय की नग्न, अश्लील किंवा चेहरा बदलून बनवलेल्या फोटोबद्दल ज्याचा फोटो आहे त्यानं किंवा त्याच्या वतीनं तक्रार केली तर कंपनीनं दोन तासांच्या आत (फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीआधी हे २४ तास होते) तो काढायची कारवाई करायची, तर रिपोर्टसोबत त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलपण टाका. दुसरं, टेक इट डाउन नावाची एक मोफत सेवा आहे, अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी संस्था चालवते, १८ च्या आतल्यांच्या फोटोंसाठी. त्यात फोटो अपलोड होतच नाही, फोनमध्येच त्या फोटोपासून आकड्या-अक्षरांचा एक ठसा बनतो, फक्त तो ठसा कंपन्यांकडं जातो आणि त्याच्याशी जुळणारा फोटो सापडला की त्या तो काढतेत. यात नाव द्यावं लागत नाही. १८ च्या वरच्यांसाठी अशीच स्टॉप एनसीआयआय आहे. मात्र यांचा हात व्हॉट्सॅपच्या चॅटपर्यंत पोचत नाही, कारण तिथले मेसेज कंपनीलाच वाचता येत नाहीत, आणि फोटो कापला किंवा बदलला तर ठसा वेगळा होतो. म्हणजे पूर्ण इलाज नाही, तरी पोरीला "आपण काहीतरी करतोय" हे कळणं लई महत्त्वाचं असतं, आणि हे तिला स्वतःच्या हातानं करता येतं.

आता ठाणं. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर महिला आणि बालकांच्या गुन्ह्यांसाठी वेगळा भाग आहे, नाव न देता पण तक्रार करता येते, पण मग पुढं काय झालं ते बघता येत नाही, म्हणून नाव देऊनच करा. आणि पोर्टलवर तक्रार टाकली म्हणजे एफआयआर झाला असं समजून घरी बसू नका. लातूरलाच ठाण्यात जा. हद्दीचा विषय निघेल, गाव बीडचं, हॉस्टेल लातूरचं, तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडला असला तरी एफआयआर घ्यावाच लागतो, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतेत. छोट्या ठाण्यात अजून एक ऐकायला मिळतं, "हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा." त्यामागं थोडं कारण आहे, आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो आणि लहान ठाण्याचा प्रभारी बऱ्याचदा एपीआय म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक असतो. पण तपास कुणी करायचा हा त्यांचा अंतर्गत प्रश्न, नोंद घ्यायला अडचण नाही, हे शांतपणे सांगायचं, भांडायचं नाही. तरी नाही घेतला तर एसपींना लेखी द्या, पोस्टानं पाठवलं तरी चालतं.

तक्रार लिहिताना कलमं घालायचं काम त्यांचं, पण तुम्हाला ऐकून माहीत असू द्या. आयटी कायद्यातलं दुसऱ्याच्या ओळखीच्या गैरवापराचं ६६सी, वर सांगितलेलं ६७ब, पॉक्सो, आणि भारतीय न्याय संहिता (बीएनएस) मधलं पाठलागाचं ७८, खंडणीचं ३०८, धमकीचं ३५१. पैसे मागितले ही गोष्ट तक्रारीत ठळक आली पाहिजे, बरेच लोक लाजेनं फक्त "त्रास देतोय" एवढंच लिहून येतेत आणि मग ती नुसती अदखलपात्र नोंद होऊन बसते. पोरीचा जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, साध्या कपड्यात, घरी किंवा ती म्हणेल तिथं घ्यायचा असं पॉक्सोत आहे, रात्री तिला ठाण्यात थांबवता येत नाही. तुम्ही सोबत बसायचं, पण तिच्या आधी बोलायचं नाही. मामा लोक हमखास बोलतेत.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, तपासासाठी पोरीचा फोन जप्त होऊ शकतो, फॉरेन्सिकला जाऊ शकतो आणि तिथून यायला वेळ लागतो. तिला हे आधी नीट समजावलं नाही तर तिच्या डोक्यात एकच बसतं, बघा म्हणलं नव्हतं, फोन गेलाच. म्हणून जायच्या आधी नोट्स आणि क्लासचे पीडीएफ दुसरीकडं घेऊन ठेवा, सिम त्यांनी परत दिलं तर दुसऱ्या साध्या फोनमध्ये त्याच दिवशी घालून द्या, नाही दिलं तर नवं सिम, जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागा, नंतर वकिलामार्फत सुपुर्दनाम्यावर (कोर्टात हमी लिहून देऊन) फोन परत मिळायला अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो, १५१०० हा नंबर. रात्री-अपरात्री लेकराला काही लागलं तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच, आणि मनाचं लई बिघडलं, झोप नाही, मरायच्या गोष्टी बोलतेय असं काही दिसलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पण असं बोलत असेल त्या रात्री तिला रूमवर एकटी ठेवू नका, नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही.

हॉस्टेलवाल्यांचं. ते "वाढवू नका" म्हणतेत कारण पुढच्या वर्षीच्या ॲडमिशन त्यांना दिसतायत, यात मला काही नवल वाटत नाही, लातूरच्या क्लासच्या धंद्यात एका बातमीनं बॅच रिकामी होते ही भीती असते. पण पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणं कळलेला गुन्हा पोलिसांना कळवणं हे कुणालाही बंधनकारक आहे आणि संस्थेच्या प्रमुखानं दाबलं तर कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे. हे त्यांना दम देऊन सांगायची गरज नाही, "तुम्हालाच अडचण येईल सर, त्यापेक्षा सोबत चला" असं म्हणलं की बहुतेक जण गाडी काढतेत. शाळेत असती तर मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी शासनानं लावायला सांगितलेली आहे, क्लास आणि खाजगी हॉस्टेल या सगळ्याच्या बाहेर राहतेत आणि अकरावी-बारावीची पोरं तर दिवसभर तिथंच असतेत, हे मला कायम खटकतं.

कुणी केलं असेल हे तुम्ही शोधायला जाऊ नका, पण एक काम करा, जो फोटो बदलून वापरला तो मूळचा कुठला आहे हे पोरीला ओळखता येतंय का बघा. मागं एका प्रकरणात पोरीचा चेहरा आला होता शिष्यवृत्तीच्या अभिनंदनाच्या पोस्टमधून, शाळेनंच टाकलेली, त्यावर पूर्ण नाव, गाव, वडिलांचं नाव, सगळं. क्लासवाले तर निकाल लागला की फ्लेक्सवर आणि स्टेटसला पोरींचे पासपोर्ट फोटो मार्कांसकट लावतेतच. मूळ फोटो जर फक्त चार मैत्रिणींच्या ग्रुपवर गेलेला असेल तर वर्तुळ लहान होतं, ही माहिती तपास अधिकाऱ्याला द्या आणि गप बसा. संशय आला म्हणून पोराला बोलावून चोप देणं, किंवा गावात बसून "मिटवून टाकू, माफी मागेल" हे प्रकार मी जवळून बघितलेत. पोरगं घरी जाऊन पहिला फोन फोडून टाकतं, पुरावा संपला, आणि दोन घरं वेगळ्या समाजाची असली की मूळ विषय बाजूला राहून भलतंच पेटतं. त्यात पोरगं निघालं पण चुकीचं, तर उलटा गुन्हा तुमच्यावर. करणारा अठराच्या आतला निघाला तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं, तिथं समुपदेशन, देखरेख, असे बरेच मार्ग आहेत, म्हणजे "त्या पोराचं आयुष्य बरबाद नको" म्हणून तक्रारच न करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

आता पोरांबद्दल, कारण हे सगळं वाचून वाटेल की त्रास फक्त पोरींना. लातूर-नांदेडच्या हॉस्टेलात पोरांचा छळ निराळ्या पद्धतीचा असतो. झोपलेल्याचा, आंघोळीला जातानाचा फोटो काढून त्याचं स्टिकर बनवायचं आणि ग्रुपवर दिवसाला शंभरदा फेकायचं, रंगावरून, जातीवरून, बोलीवरून, आणि तो चिडला की "मस्करी समजत नाही का बे." टेस्टचे मार्क पडले की अजून जोर. स्टिकर कुणी रिपोर्ट करत नाही कारण ते गुन्ह्यासारखं दिसतच नाही. दुसरं म्हणजे अनोळखी पोरीचा व्हिडिओ कॉल, पाच-दहा सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग, मग पैसे, मग "मी सीबीआयमधून बोलतोय" म्हणणारा कुणीतरी. पोरगा हे बापाला कसं सांगणार? पोरी निदान मैत्रिणीला तरी सांगतेत. पोरांना मी एवढंच सांगते की हा कॉल असाच शेकडो जणांना जातो, त्यांना तू माहीत नाहीस, पैसे दिलेस की मात्र माहीत होतोस.

आणि वर म्हणलं ते खात्याचं. कॉलेजच्या पोरांना "खातं वापरायला दे, महिन्याला चार-पाच हजार देतो, एटीएम आणि सिम फक्त दे" असं सांगणारे फिरतेत. पोराला वाटतं आपण काही केलंच नाही. पण फसवणुकीचे पैसे त्याच्या खात्यातून फिरतेत आणि कुठल्यातरी लांबच्या राज्याचे पोलीस त्याच्या दारात येतेत. तुमच्या भाचीचे दोन हजार पण अशाच कुणाच्यातरी खात्यात गेलेले असू शकतेत. 

फोनच्या सेटिंगबद्दल मी फार बोलत नाही कारण दर सहा महिन्यांनी बदलतेत, पण आपल्याकडची एक गोष्ट कुणी सांगत नाही. नवा फोन घेतला की मोबाईल शॉपीवालाच जीमेल काढून देतो, पासवर्ड त्याचा, रिकव्हरी नंबर कधी कधी त्याचाच, जन्मसाल १९९० नाहीतर ९५. त्याच जीमेलवर फोटोंचा बॅकअप जातो. म्हणजे लेकराचे सगळे फोटो ज्या खात्यात आहेत त्याचा पासवर्ड दुकानदाराला माहीत आणि घरात कुणालाच नाही. नीटचा, सीईटीचा फॉर्म भरणाऱ्या केंद्रावर पण तेच, लॉगिन त्यांच्या वहीत लिहिलेलं. आज भाचीसोबत बसून जीमेलचा पासवर्ड बदला, रिकव्हरीला तिचा स्वतःचा नंबर टाका, कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते बघून अनोळखी काढून टाका, आणि व्हॉट्सॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा, रूमवर कुणी दहा सेकंद फोन हातात घेऊन क्यूआर स्कॅन केला तरी सगळे चॅट दुसरीकडं दिसत राहतेत. जन्मसाल खोटं टाकलेलं असलं की अजून एक तोटा, इन्स्टाग्राम अठराच्या आतल्यांना टीन अकाउंट देतं, त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, पण पोरगी कागदावर तीस वर्षांची असली तर हे काहीच लागू होत नाही. खरी तारीख टाका. चोरून बघायची ॲप टाकू नका, एकदा कळलं की ते लेकरू परत तुम्हाला काही सांगणार नाही.

गावातल्या धाकट्या भावाचं पण बघा. आजीजवळचा फोन म्हणजे दिवसभर त्याच्याच हातात, त्यात गेम, आणि गेमच्या आयडीसाठी ओटीपी मागणारी मोठी पोरं गल्लीत असतेतच. आता इथं पण कुणी म्हणेल फोन बंद करा. कसा बंद करणार, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन आईबापानं तो फोन घेतला कशासाठी, तर फडावरनं रात्री लेकराचं तोंड दिसावं म्हणून. सहा महिने तेवढाच आधार. त्यापेक्षा आजीला एवढं शिकवा की नातू फोन लपवायला लागला, जेवायला उठेना, तर तुम्हाला फोन लावायचा. आजीला इन्स्टाग्राम कळायची गरज नाही, नातू कळतो तिला.

राहिलं आईबापांना कधी सांगायचं ते. सांगावं लागणारच, तक्रारीनंतर पोलीस बाल कल्याण समितीला कळवतेत आणि तिथं पालकांबद्दल विचारतेत. पण मुकादमाच्या फोनवर निरोप देऊ नका, आणि रात्री कोपीवर सगळे असताना फोन करू नका, तिकडं फोन कायम स्पीकरवर असतो, अख्खी टोळी ऐकते. आधी नुसतं बहिणीला म्हणा की स्पीकर बंद करून जरा बाजूला जा. आईला आधी, बापाला आईच्या तोंडून. सांगताना सुरुवात "पोरगी बरी आहे, क्लास चालूय, तक्रार दिली" इथून करा, मग काय झालं ते. बाप लगेच ट्रकनं निघतो म्हणेल, उचल अंगावर आहे, मुकादम सोडणार नाही आणि आल्यावर रागात काय होईल याचाही भरवसा नाही, तर आल्याशिवाय चालणारं काम तुम्ही करताय हे त्याला पटवा, समितीसमोर लागला तर तारीख सांगून बोलवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या, त्यावर गुन्हा नंबर आणि तपास अधिकाऱ्याचं नाव असतं, त्याचा मोबाईल नंबर ठाण्यातूनच लिहून घ्या. कंपनीकडून माहिती मागवायची, मग सिम कुणाचं ते काढायचं, यात आठवडे जातेत, दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारत राहा. मधे नवीन अकाउंटवरून परत मेसेज आलाच तर उत्तर न देता तसाच स्क्रीनशॉट काढून त्याच अधिकाऱ्याला दाखवा, त्याच गुन्ह्यात जोडतेत.